‘हाड नाही’ या उत्तराचा इतिहास

हे व्याख्यान नंतर वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवतो: आपण बसलोय ते वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं कारंजा (घाडगे). वाशीमकडचं लाडांचं कारंजा वेगळं. आजचा विषय दातांचा आहे, पण खरं तर दात ज्यात रोवलेले असतात त्या हाडाचा आहे.

या भागातली मंडळी नवे दात बसवायला नागपूरला नाहीतर वर्धा-सावंगीला जातात, आणि त्यातले काही जण एक वाक्य घेऊन परत येतात. “डॉक्टर म्हणते, हाडच नाही राह्यलं.” पुढं काय विचारायचं ते सुचत नाही, आणि गोष्ट तिथंच थांबते. कवळी डबीत पडून राहते, भाकरी दुधात कुस्करली जाते. आम्हाला आज या एका वाक्याचा इतिहास सांगायचा आहे. ‘हाड नाही’ याचा अर्थ १९६५ साली एक होता, १९९१ साली त्यात दुसरा मिसळला, आणि आज त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हाड कमी उरलंय, ही एक. उरलंय ते भुसभुशीत आहे, ही दुसरी. आणि हाड आहे, पण जखम भरून यावी अशी तब्येत नाही, ही तिसरी. तिन्हींचे उपाय निरनिराळे. पण एकाच वाक्यात तिन्ही कोंबल्या की पेशंटला वाटतं, दार बंद झालं.

सुरुवात घरापासून करू. सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले, आणि त्या काळातले त्यांचे हसरे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते बोळकं हसू आपल्याला इतकं ओळखीचं झालंय की त्याकडं शरीरशास्त्राच्या नजरेनं कुणी बघत नाही. एकदा बघा. ओठ आत वळलेले, हनुवटी पुढं आणि वर, नाकाच्या जवळ आलेली. दात गेले म्हणजे फक्त दात जात नाहीत, त्यांच्याखालचं हाडही हळूहळू विरत जातं. चेहऱ्याची उंचीच कमी होते.

हे का होतं? जबड्याच्या हाडाचा वरचा कठडा, ज्यात दातांची मुळं बसतात, तो दातांसाठीच तयार झालेला असतो. चावताना मुळांवाटे त्याला रोज ताण मिळतो, आणि त्या ताणावर तो टिकतो. बैल विकल्यावर गोठ्याची डागडुजी कोण करतो? गवळाऊ बैलांच्या या मुलखात हे जास्त समजावून सांगायला नको. १९७२ साली टालग्रेन या संशोधिकेनं कवळी वापरणाऱ्या माणसांचा २५ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की हाड झिजणं थांबतच नाही, आणि खालच्या जबड्याची पुढची बाजू वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजते. खालची कवळी डुगडुगते अशी तक्रार प्रत्येक घरात असते, तिचं कारण हे आहे. कवळी करणाऱ्याला शिव्या देण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. (हशा)

म्हणजे गंमत बघा, गंमत कसली, विचित्रच प्रकार. ज्याचे दात जाऊन वीस वर्षं झाली त्याला पक्क्या दातांची गरज सगळ्यात जास्त, आणि स्क्रू रोवायला हाड सगळ्यात कमी त्याच्याकडंच. इम्प्लांटचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे हाडात न जाता हाडावर बसायचं. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये डाल नावाच्या दंतवैद्यांनी हिरडीच्या खाली, हाडाच्या वर, खोगिरासारखी धातूची जाळी ठेवून पाहिली. त्यातून निघालेल्या खुंट्यांवर दात. कल्पना झिजलेल्या जबड्यासाठीच होती. पण जाळी हाडावर चपखल बसायची तर आधी हिरडी उघडून हाडाचं माप घ्यायचं आणि नंतर पुन्हा उघडून जाळी ठेवायची, असं दोनदा करावं लागे. इतकं करूनही धातू आणि हाड यांच्यात मऊ पेशींचा थर तयार व्हायचा, जंतुसंसर्ग शिरायचा, जाळी हलायची. ही जाळी लक्षात ठेवा, ती पुढं परत येणार आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत लिंको यांनी पातळ पात्याच्या आकाराचं इम्प्लांट आणलं, अरुंद हाडात शिरावं म्हणून. काहींचं वर्षानुवर्षं टिकलं, काहींचं निघताना उरलंसुरलं हाडही घेऊन गेलं.

खरं वळण आलं ते सशाच्या पायातून. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे दंतवैद्य नव्हतेच. हाडाच्या मगजातून रक्त कसं वाहतं ते त्यांना बघायचं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली, आतलं रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहता यावं म्हणून. काम झाल्यावर कुपी काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढलं होतं, मध्ये मऊ थर नाही, काही नाही. दुसरा कुणी असता तर महागडी कुपी वाया गेली म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्क यांनी मात्र तोच प्रश्न हातात धरला. (जाता जाता सांगतो, टायटॅनियम ज्यातून काढतात ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडतं. आपल्याला त्या वाळूत फक्त पाय भाजतात.)

१९६५ साली गोथेनबर्गमध्ये गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे स्क्रू बसवले गेले. लार्सन यांची टाळू जन्मतः दुभंगलेली होती आणि जबड्याची वाढ सदोष होती. म्हणजे आधुनिक इम्प्लांटचा पहिला माणूस हा धडधाकट जबड्याचा नव्हता, इतर उपाय संपलेला होता. ते दात त्यांनी २००६ साली मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त काळ वापरले.

तरी जगानं हे मान्य करायला वेळ घेतला. स्वीडनमधल्याच दंतवैद्यांनी कडाडून विरोध केला. पंधरा वर्षांच्या पेशंटांचा हिशेब १९८१ साली छापून आला, १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत जॉर्ज झार्ब यांनी तो उत्तर अमेरिकेपुढं मांडला, तेव्हा कुठं दार उघडलं. पद्धत सबुरीची होती: स्क्रू रोवायचा, हिरडी शिवून टाकायची, खालच्या जबड्यात तीनेक महिने आणि वरच्यात सहाएक महिने हात लावायचा नाही. वरच्या जबड्याला दुप्पट वेळ का? इथंच ‘हाड नाही’चा दुसरा अर्थ दडलेला होता.

हाड सगळीकडं सारखं नसतं. हनुवटीजवळचं हाड सागवानी फळीसारखं, स्क्रू आवळला की पकडतो. वरच्या जबड्याची मागची बाजू, दाढांची, तिथलं हाड शेवग्याच्या लाकडासारखं. बाहेरून पातळ साल, आत भुसभुशीत. वर सायनसची पोकळी खाली उतरत आलेली असते ती वेगळीच. १९८५ साली लेखोल्म आणि झार्ब यांनी हाडाचे चार प्रकार पाडले, पहिला सर्वांत घट्ट, चौथा सर्वांत मऊ. १९९१ साली जाफिन आणि बर्मन यांनी हजाराहून अधिक इम्प्लांटांचा हिशेब दिला, आणि तो आकडा अनेक वर्षं दंतवैद्यांच्या डोक्यात घर करून राहिला. पहिल्या तीन प्रकारच्या हाडांत ३ टक्के इम्प्लांट गेले, चौथ्या प्रकारात ३५ टक्के. तीनातला एक स्क्रू निकामी. यानंतर ‘हाड नाही’ म्हणजे हाड आहे, उंचीही आहे, पण घनता नाही, असाही अर्थ झाला.

आम्हाला इथं एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. तो ३५ टक्क्यांचा आकडा त्या काळच्या गुळगुळीत स्क्रूंचा होता. नंतर स्क्रूचा पृष्ठभाग आम्ल आणि वाळूच्या माऱ्यानं मुद्दाम खरखरीत करायला लागले, म्हणजे हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळते. स्क्रू निमुळते झाले, आटे खोल झाले. मऊ हाडात भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडायचं, हे सुताराला माहीत असलेलं शहाणपण दंतवैद्यकात आलं. अलीकडं तर ड्रिल उलटं फिरवून हाड कापून काढण्याऐवजी बाजूला दाबत घट्ट करण्याची पद्धतही निघाली आहे. या सगळ्यांमुळं मऊ हाड आणि घट्ट हाड यांच्या यशातलं अंतर पुष्कळ कमी झालं. पण जुनं वाक्य तसंच चालू राहिलं.

कमी हाडाचं काय? तिथं दोन विचारधारा निघाल्या. एक म्हणे हाड नाही तर आणा. कमरेचं हाड काढून जबड्यावर बसवायचं, हे स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांच्याच काळात झालं. म्हणजे तोंडाचं ऑपरेशन आणि वर कमरेचं ऑपरेशन. अमेरिकेत टेटम यांनी १९७० च्या दशकात सायनसचं अस्तर हळूच वर उचलून खाली हाडाचा भराव घालायला सुरुवात केली, आणि बॉइन व जेम्स यांनी १९८० साली ती पद्धत छापली. आज ‘सायनस लिफ्ट’ म्हणतात ती हीच. चांगली पद्धत आहे, पण हाड पिकायला महिने लागतात, बसफेऱ्या वाढतात, खर्च वाढतो.

दुसरी विचारधारा म्हणे हाड आणू नका, जिथं आहे तिथं जा. पोर्तुगालमध्ये पाउलो मालो यांनी २००३ साली चार इम्प्लांटांवर खालच्या जबड्याची पूर्ण बत्तिशी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, दोन वर्षांनी वरच्या जबड्याची. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरपे, म्हणजे मागचं झिजलेलं हाड टाळून पुढच्या चांगल्या हाडात पकड मिळते. आणि त्याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून, ब्रोनेमार्क यांचा गट आणखी लांब गेला होता. गालाच्या हाडापर्यंत. नेहमीचा इम्प्लांट दहा-बारा मिलिमीटरचा असतो. गालाच्या हाडात जाणारा ३० ते ५० मिलिमीटरचा असतो. टाळूच्या बाजूनं शिरून, सायनसच्या कडेनं वर चढून, डोळ्याच्या खोबणीच्या खाली गालाच्या टणक हाडात रुततो. कॅन्सर किंवा अपघातात वरचा जबडाच गमावलेल्या माणसांसाठी ही पद्धत निघाली, म्हाताऱ्यांच्या झिजलेल्या जबड्यांना ती पुढं लागू झाली.

हे सगळं स्वीडन-पोर्तुगालचं झालं. आपल्याकडं ते कसं आलं? दंत महाविद्यालयांतून, परिषदांतून, कंपन्यांच्या प्रशिक्षणांतून हळूहळू येतच होतं. पण गालाच्या हाडातले स्क्रू हा शब्दप्रयोग विदर्भातल्या सामान्य घरांत पोचला तो २०२१ साली, आणि वाईट वाटेनं पोचला.

कोरोनाची दुसरी लाट आठवा. बरं होऊन घरी आलेल्या माणसाचा गाल दुखायला लागायचा, वरचे दात एकाएकी हलायला लागायचे, टाळूवर काळा डाग दिसायचा. म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’. मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीवर ती फोफावली. सायनसमध्ये शिरून ती रक्तवाहिन्याच बंद करते, आणि रक्त न मिळाल्यानं वरच्या जबड्याचं हाड मरतं. मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना हा आजार नोंद करण्याजोगा जाहीर करायला सांगितलं. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण आणि ४,३०० हून जास्त मृत्यू नोंदले गेले, आणि सर्वाधिक फटका महाराष्ट्र आणि गुजरातला बसला. ॲम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन बाजारातून गायब झालं, तेव्हा वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसनं ते बनवायला घेतलं. सात हजारांच्या आसपास विकलं जाणारं इंजेक्शन बाराशे रुपयांत देण्याची घोषणा झाली. आपल्या जिल्ह्याचं नाव त्या दिवसांत देशभर घेतलं गेलं ते यासाठी.

औषधानं जीव वाचले. पण मेलेलं हाड काढावंच लागतं, आणि अनेकांचा वरचा जबडा अर्धा किंवा पूर्ण काढला गेला. अशा माणसाचं जगणं कसं असतं? तोंड आणि नाक यांच्यामध्ये भिंत नाही. पाणी प्यायलं की नाकातून बाहेर. बोललेलं घरच्यांनाही कळत नाही, फोनवर तर नाहीच. चारचौघांत जेवायला बसणं बंद. कमावता माणूस, चाळीस-पन्नाशीचा, आणि लग्नाच्या पंगतीला जाईना. त्याला कवळीसारखं टाळूचं झाकण देतात, पण कवळी धरून ठेवायला वर दात नाहीत, हाड नाही, टाळूच नाही. ‘हाड नाही’ या वाक्याचा याहून शब्दशः अर्थ असू शकत नाही.

आणि मग त्याच्यासाठी काय उपलब्ध होतं? तेच, जे चाळीसेक वर्षांपूर्वी कॅन्सरच्या पेशंटांसाठी निघालं होतं. गालाचं हाड शाबूत असेल तर दोन्ही बाजूंना लांब स्क्रू, आणि त्यांवर टाळू-दातांचा पूल. भारतात या काळात गालाच्या हाडातल्या इम्प्लांटांचा अनुभव एकदम वाढला. गालाचं हाडही बुरशीनं खाल्लं असेल तर? तिथं डाल यांची जाळी परत आली. आता हिरडी दोनदा उघडून माप घेत नाहीत. सीटी स्कॅनवरून त्या माणसाच्या उरलेल्या हाडाचा साचा संगणकावर तयार होतो, त्यावर बसेल अशी टायटॅनियमची चौकट थ्रीडी प्रिंटरवर छापतात आणि घट्ट हाड मिळेल तिथं स्क्रूंनी पक्की करतात. १९४० च्या दशकात जे माप चुकल्यामुळं फसलं, ते माप जमल्यामुळं परत उभं राहिलं. किती वर्षं टिकतं हे सांगायला मात्र अजून काळ जावा लागेल, २०२१ काही लांब नाही.

यात घाई चालत नाही. बुरशी पूर्ण गेली याची खात्री व्हावी लागते, साखर ताब्यात यावी लागते. हे काम तालुक्याच्या गावी होणारंही नव्हे. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय अशा, मुखशल्यचिकित्सा आणि कृत्रिम दंतशास्त्र हे दोन्ही विभाग एका छताखाली असलेल्या ठिकाणी आधी तपासून घ्यावं, असं आमचं मत आहे. शल्यविशारद आणि दात बनवणारा यांनी आधी एकत्र बसून ठरवलं नाही, तर स्क्रू सुंदर बसतात आणि त्यांच्यावर दात बसत नाहीत.

आता तिसरा अर्थ, आणि तो आपल्या खिशात आहे. पुडीत. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि खर्रा पानठेल्यावर घोटला जातोच आहे. सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो, हिरडीचे आजार वाढतात, दाताभोवतीचं हाड तरुण वयातच खाली सरकतं, आणि इम्प्लांट रोवल्यावर जखम नीट भरत नाही. सुपारीचं नुकसान वेगळंच. गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांत हे पहिल्यांदा नोंदवलं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. योगायोग असा की तिकडं स्वीडनमध्ये सशाच्या पायात कुपी अडकली तीही याच सुमारास. एकीकडं उपाय जन्माला येत होता आणि दुसरीकडं त्याला आडवा येणारा आजार नोंदला जात होता. तोंडच दोन बोटं उघडत असेल तर ५० मिलिमीटरचा स्क्रू आणि त्याचं लांब ड्रिल आत नेणार कुठून? हाड उत्तम असून उपयोग नाही.

मधुमेहाचंही तसंच. साखर ताब्यात असेल तर इम्प्लांट वर्ज्य नाही, ताब्यात नसेल तर चांगलं हाडही दगा देतं. आणि एक गोष्ट बायकांसाठी खास. हाडं ठिसूळ झाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस असला म्हणून इम्प्लांट होतच नाही, हे खरं नाही. पण त्यावरच्या काही गोळ्या-इंजेक्शनांचा जबड्याशी संबंध आहे. २००३ साली अमेरिकेत मार्क्स यांनी ३६ रुग्णांची नोंद केली. हाडावरची इंजेक्शनं घेणाऱ्या, बहुतेक कॅन्सरच्या, या रुग्णांत जबड्याचं हाड उघडं पडून मरत होतं. ऑस्टिओपोरोसिसच्या कमी मात्रेच्या गोळ्यांत हा धोका पुष्कळ कमी असतो, पण दंतवैद्याला ते औषध माहीत असायलाच हवं. आपल्याकडं आई गुडघ्याच्या डॉक्टरकडं काय घेते ते दाताच्या डॉक्टरला कुणी सांगत नाही. चिठ्ठी सोबत न्या. आणि औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना बोलू द्या.

हायवेवर फलक दिसतात, ‘हाड नसलं तरी तीन दिवसांत पक्के दात’. जबड्याच्या खोलातल्या टणक थरात पकड घेणारे हे इम्प्लांट. ही कल्पना फ्रान्समध्ये विकसित झाली, आज भारतात ती जोरात आहे. कुणाला बरं वाटलं असेल तर आम्ही नाही म्हणत नाही. पण ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीमागं जितक्या वर्षांचा छापील हिशेब आहे तितका यामागं नाही, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा हात गावाजवळ नसतो. तीन दिवसांत बसवणाऱ्याला विचारा, तीन वर्षांनी तुम्ही कुठं भेटाल?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘हाड नाही’ म्हटलं, की विचारा: उंची-रुंदी कमी आहे, की घनता, की माझी तब्येत? कोणत्या जागी? साध्या एक्स-रेवर सांगताय की सीबीसीटीवर? साधा एक्स-रे सपाट चित्र दाखवतो, हाडाची जाडी त्यात कळत नाही. सीबीसीटीवर उंची-जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. घनतेचा आकडा मात्र त्या यंत्रावर फारसा भरवशाचा नसतो, तो मोठ्या सीटी स्कॅनवर जास्त नीट कळतो, आणि शेवटी भोक पाडताना डॉक्टरच्या हाताला कळतो. रिपोर्टची सीडी मागून घ्या, ती तुमची आहे. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर पुन्हा पैसे भरून फोटो काढायला नको.

वेळ झालेली दिसते. मागच्या रांगेतल्या आजींनी मघापासून हात वर केलाय, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.